आधी पाणी काढायचं, मग अँटिबायोटिक

प्रश्न : वडील ६३ वर्षांचे आहेत, १२ वर्षांपासून मधुमेह आहे. आयुष्यभर यंत्रमागावर उभं राहून काम केल्यामुळे दोन्ही गुडघे झिजलेत. दोन आठवड्यांपूर्वी उजव्या गुडघ्यात इंजेक्शन घेतलं. चार दिवसांपासून तोच गुडघा सुजलाय, हाताला गरम लागतो, पाय टेकवता येत नाही. ताप ९९ च्या पुढे गेलेला नाही. युरिक अ‍ॅसिड ८.१ आलं म्हणून एका डॉक्टरांनी गाऊटच्या (युरिक अ‍ॅसिडचे स्फटिक साचून सांधा सुजतो त्या आजाराच्या) गोळ्या दिल्या. दुसरे म्हणतात, आजच पाणी काढून तपासू आणि पू निघाला तर लगेच गुडघा धुवावा लागेल. घरातले म्हणतात की एकदा पाणी काढलं की ते परत परत भरतं. आठवडाभर गोळ्यांवर वाट पाहिली तर चालेल का?

नाही, चालणार नाही. आठवडा सोडाच, उद्या सकाळपर्यंतही थांबू नका. दुसऱ्या डॉक्टरांचं बरोबर आहे आणि ते आज पाणी काढायला तयार असतील तर बाबांना आजच त्यांच्याकडे न्या. त्यांचा दवाखाना बंद झाला असेल तर सोलापूरच्या सिव्हिल हॉस्पिटलला न्या. तिथलं अपघात विभागाचं दार रात्रीही उघडं असतं आणि वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय असल्यामुळे हाडांचे डॉक्टर ड्युटीवर असतात. निघताना बाबांना खायला देऊ नका, भूल द्यावी लागू शकते. मात्र इन्सुलिन किंवा शुगरची गोळी आज घेतली असेल तर ते दारातच सांगा, कारण उपाशीपोटी साखर खाली येते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तीही सांगा. तिच्यामुळे पाणी काढणं सहसा अडत नाही. सगळ्या चिठ्ठ्या बरोबर घ्या आणि गुडघ्यात कोणतं इंजेक्शन दिलं होतं त्याचं नाव फोन करून विचारून घ्या. उरलेलं तिथं पोचल्यावर वाचा.

मी २७ वर्षं सोलापुरात हाडांचं काम करतोय. इतक्या वर्षांत एक नियम कधी मोडायचा नाही हे मी शिकलो. एकच सांधा, थोड्या दिवसांत सुजलेला, गरम, आणि हलवला की माणूस कळवळतो, असं दिसलं तर त्यात जंतू आहेत असंच धरून चालायचं. ते नाहीत हे सांध्यातलं पाणी सांगेल. रक्ताचा रिपोर्ट, ताप, एक्स-रे, डॉक्टरांचा अनुभव, यांतलं कुणीही ते सांगू शकत नाही. तुमच्या बाबांच्या बाबतीत तर संशयाला चार-चार कारणं आहेत. साठी ओलांडलेली, मधुमेह, आधीच झिजलेला सांधा आणि नुकतीच आत गेलेली सुई.

त्या इंजेक्शनबद्दल घरात राग असेल. नीट स्वच्छता पाळून दिलेल्या इंजेक्शननंतर सांध्यात संसर्ग होणं फार क्वचित घडतं, हजारोंत एखाद्याला. त्वचेवरचे जंतू कितीही पुसले तरी शंभर टक्के जात नाहीत. म्हणून आज कुणाची चूक ते शोधत बसू नका. पण इंजेक्शन दिलेल्या डॉक्टरांपासून हे लपवूही नका. औषधात स्टेरॉइड होतं का, हे आम्हाला कळायला हवं. स्टेरॉइडमुळे सूज आणि ताप दबतात आणि आजार आहे त्यापेक्षा सौम्य दिसतो.

आता घाई कशासाठी, ते सांगतो. सांध्याच्या आतून एक पातळ अस्तर असतं, ते वंगणासारखं पाणी तयार करतं. या अस्तरात रक्तवाहिन्या भरपूर असतात आणि रक्तातून आलेल्या जंतूला अडवणारा पडदा जवळपास नसतो, त्यामुळे जंतू सहज आत उतरतो. हाडांच्या टोकांवरची कूर्चा मात्र अगदी उलट. तिला स्वतःच्या रक्तवाहिन्या नाहीत, ती त्या पाण्यावरच जगते. पाण्याचा पू झाला की जंतूंशी लढायला आलेल्या पांढऱ्या पेशी फुटतात आणि त्यांच्यातली पाचक द्रव्यं कूर्चेलाच विरघळवू लागतात. ही झीज काही तासांत सुरू होते आणि काही दिवसांत कायमची होते, कारण मोठ्या माणसात कूर्चा पुन्हा पहिल्यासारखी उगवत नाही. वेळेवर उपचार झाले नाहीत तर सांधा आखडतोच, शिवाय जंतू रक्तात पसरून जीवही जाऊ शकतो. प्रौढांत या आजारानं दगावण्याचं प्रमाण आजच्या काळातही १० टक्क्यांच्या आसपास आहे, आणि वय, मधुमेह, किडनीचा आजार असेल तर त्याहून जास्त.

ताप नाही म्हणून तुम्हाला धीर वाटत असेल. सांध्यात पू झालेल्यांपैकी जवळपास निम्म्यांना दाखल होताना ताप नसतो. वयस्कर आणि मधुमेही रुग्णांत तर आणखी कमी वेळा दिसतो. रक्तातल्या पांढऱ्या पेशीही कधी कधी नेहमीएवढ्याच असतात. सीआरपी आणि ईएसआर, म्हणजे अंगातली सूज दाखवणारे रक्तातले आकडे, बहुतेकदा वाढतात, पण ते गाऊटमध्येही वाढतात. त्यांचा खरा उपयोग पुढे, उपचार लागू पडतोय का ते पाहायला.

आणि युरिक अ‍ॅसिड. या एका रिपोर्टानं आमच्या भागात किती गुडघे वाया गेले असतील, याचा विचार आला की मला झोप लागत नाही. युरिक अ‍ॅसिड ८ असलेली असंख्य माणसं गावात फिरताहेत आणि त्यांना आयुष्यात कधी गाऊट होत नाही. उलट गाऊटच्या ऐन झटक्यात ते नेहमीएवढं येऊ शकतं. म्हणजे या आकड्यावरून गाऊट आहे असंही ठरत नाही आणि नाही असंही ठरत नाही. शिवाय गाऊट असला तरी जंतू नाहीत असं होत नाही. हे मी एका रुग्णाची किंमत मोजून शिकलो. काम सुरू केल्यानंतरच्या चौथ्या-पाचव्या वर्षी एक शेतकरी आले होते. जुना गाऊट, अंगठ्याला आधी दोनदा झटका येऊन गेलेला, आता गुडघा सुजलेला. मी पाणी काढलं, सूक्ष्मदर्शकाखाली सुईसारखे स्फटिक दिसले, मला निदान सापडल्याचा आनंद झाला आणि मी स्टेरॉइड देऊन घरी पाठवलं. कल्चर, म्हणजे पाण्यातले जंतू वाढवून ओळखायची तपासणी, पाठवलं होतं, पण त्याची वाट पाहिली नाही. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेतून फोन आला, स्टॅफिलोकोकस हा पू करणारा जंतू वाढतोय. त्यांना गावाहून परत बोलावून गुडघा धुवेपर्यंत तिसरा दिवस संपला होता. जीव वाचला, पण तो गुडघा पुढे कधी काटकोनापर्यंतही वाकला नाही. स्फटिक आणि जंतू एकाच सांध्यात एकाच वेळी असू शकतात. तेव्हापासून स्फटिक दिसले तरी पेशींचा आकडा, ग्रॅम स्टेन (रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली जंतू शोधणं) आणि कल्चर हातात आल्याशिवाय मी स्टेरॉइड देत नाही.

पाणी काढलं की परत भरतं, हे मला रोज ऐकावं लागतं. अर्धं खरं आहे, भरतं. पण सुई घातली म्हणून नव्हे. विहीर उपसली म्हणून तिला झरा लागत नाही, झरा आधीपासून असतो. सांध्याच्या आत सूज असते तोवर अस्तर पाणी सोडत राहतं, मग तुम्ही काढा किंवा नका काढू. फरक एवढाच की काढलं तर आतला दाब उतरतो, दुखणं लगेच हलकं होतं, आणि आत काय आहे ते कळतं.

काढायची पद्धतही सांगतो, म्हणजे भीती कमी होईल. गुडघ्याला हे काम दहा मिनिटांचं आहे. कातडी जंतुनाशकानं दोन-तीनदा पुसायची, ती सुकू द्यायची, थोडी बधिरता द्यायची आणि वाटीच्या बाजूनं जाडसर सुई आत घालायची. सुई जिथून जाणार तिथली कातडी लाल, पिकलेली असेल तर जागा बदलायची, नाहीतर बाहेरचे जंतू आपणच आत नेऊ. गुडघ्याला सोनोग्राफीची गरज सहसा लागत नाही. खुब्यासाठी मात्र ती हवीच.

सिरिंजमध्ये आलेलं पाणी पाहूनच अर्धं उत्तर मिळतं. निरोगी गुडघ्यात जेमतेम दोन-चार मिलिलिटर, फिकट पिवळं, इतकं नितळ की पलीकडची अक्षरं वाचता येतील. थेंब सोडला तर पाकाच्या तारेसारखा लांब ओढला जातो. पू झालेलं पाणी गढूळ असतं, कधी हिरवट-पिवळं, आणि थेंब साध्या पाण्यासारखा टपकन पडतो, तार येत नाही. तरीही डोळ्यांवर विसंबायचं नाही. ते लगेच वेगवेगळ्या नळ्यांत भरायचं. पेशी मोजायला जांभळ्या झाकणाच्या नळीत, ग्रॅम स्टेन आणि कल्चरसाठी निर्जंतुक डबीत, स्फटिकांसाठी एक थेंब काचपट्टीवर, आणि पुरेसं असेल तर काही मिलिलिटर ब्लड कल्चरच्या बाटलीतही, कारण नाजूक जंतू तिथे जास्त वाढतात. डबी फ्रीजमध्ये ठेवायची नाही. एप्रिल-मेमध्ये पारा ४२ च्या वर असताना गाडीच्या डिकीतही ठेवायची नाही. तासाभरात प्रयोगशाळेत पोचली पाहिजे. शनिवारी रात्री काढलेलं पाणी सोमवारी पोचवलं तर पेशी फुटून गेलेल्या असतात आणि त्या आकड्याला काही अर्थ उरत नाही. नातेवाइकांनो, यात तुम्ही खरी मदत करू शकता. डबी हातात घ्या आणि स्वतः नेऊन द्या.

पांढऱ्या पेशींचा आकडा असा वाचायचा. निरोगी सांध्यात एका घन मिलिमीटरमध्ये २०० च्या आत, झिजलेल्या गुडघ्यात २,००० च्या आत, गाऊट किंवा आमवातात २,००० ते ५०,०००. त्याच्या वर, आणि त्यात ९० टक्क्यांहून जास्त न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी), म्हणजे जंतुसंसर्ग मानून कामाला लागायचं. लाखाच्या वर गेला तर शंका जवळपास राहतच नाही. पण या रेषा खडूच्या आहेत, दगडावरच्या नाहीत. गाऊट कधी कधी ७०,००० दाखवतो आणि डायलिसिसवरच्या रुग्णात पू असूनही २०,००० च येतात. ग्रॅम स्टेनमध्ये जंतू दिसला तर निदान पक्कं, पण खऱ्या संसर्गातही निम्म्याहून जास्त वेळा तो दिसत नाही. म्हणून 'ग्रॅम स्टेन निगेटिव्ह' हे वाचून कुणी घरी न्यायची घाई करू नका. कल्चरचं पहिलं उत्तर २४ ते ४८ तासांत येतं, पूर्ण व्हायला पाच दिवस लागतात.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे एवढं लांबवलं, ती. पाणी आणि रक्त कल्चरला घेण्याआधी अँटिबायोटिकचा एकही डोस देऊ नये, शिरेतून नाही आणि तोंडानंही नाही. आमच्याकडे येणारा रुग्ण बहुधा आधी गल्लीतल्या दवाखान्यात दोन दिवस सलाइन आणि इंजेक्शन घेऊन आलेला असतो. त्या दोन डोसांनी सांधा बरा होत नाही, पण पाण्यातला जंतू एवढा अर्धमेला होतो की कल्चरमध्ये वाढत नाही. मग आम्हाला जंतूचं नाव माहीत नसताना, अंदाजानं, जास्त विषारी औषधं जास्त दिवस द्यावी लागतात. माझ्या सगळ्या जनरल प्रॅक्टिशनर मित्रांना हात जोडून सांगणं आहे : एकच सुजलेला गरम सांधा आला तर सेफ्ट्रियाक्सोन टोचण्याआधी आम्हाला फोन करा. याला अपवाद एकच. रुग्णाचा रक्तदाब पडलाय, तो बरळतोय, हातपाय गार पडलेत, तर रक्ताच्या बाटल्या भरा, जमलं तर पाणी काढा आणि लगेच औषध सुरू करा. तिथे सुईसाठी थांबायचं नसतं. बाबांना गेल्या चार दिवसांत गाऊटच्या गोळ्यांबरोबर एखादी अँटिबायोटिकची गोळी दिली गेली आहे का, हे चिठ्ठीवर नीट पाहा. दिली असेल तरी पाणी काढायचंच, फक्त ते आम्हाला माहीत हवं.

रक्ताचं कल्चर दोन वेगवेगळ्या हातांतून घेतात. सांध्यातलं कल्चर कोरं आलं आणि रक्तातून जंतू सापडला असं कधी कधी होतं. एक्स-रे पहिल्या दहा दिवसांत सुजेशिवाय काही दाखवत नाही. तो पुढे तुलना करायला काढून ठेवायचा. एमआरआयसाठी वेळ घालवायची गरज सहसा नसते. हाडात पू उतरलाय का अशी शंका आली तरच.

एक गोष्ट डॉक्टरांनी केली नाही तर तुम्ही करा. बाबांचे मोजे काढून पाय बघा. बोटांच्या बेचक्यात चिखली, टाचेची भेग, नखाजवळ जखम. मधुमेही माणसाला तळव्याला लागलेलं कळत नाही, आणि गुडघ्यातला जंतू कित्येकदा तिथूनच रक्तात शिरलेला असतो. लघवीचा संसर्ग, किडका दात, पाठीवरचं गळू, हेही विचारात घ्यायचं. रक्तात स्टॅफिलोकोकस ऑरियस सापडला तर हृदयाची सोनोग्राफी करून झडपांवर काही बसलंय का ते पाहावं लागतं. गुडघ्यासाठी आलो तर हृदय का तपासता, असं विचारून तिला नकार देऊ नका.

पू निघाला तर तो बाहेर काढणं हाच मुख्य उपचार. बंद पोकळीतल्या पूवर औषध पुरेसं काम करत नाही. गुडघ्यासाठी तीन मार्ग आहेत : रोज सुईनं उपसणं, दुर्बिणीतून धुणं, किंवा उघडून धुणं. सुरुवातीलाच आलेल्या रुग्णात सुईनं भागू शकतं, पण चौथ्या दिवशी पू घट्ट होतो, त्याचे कप्पे पडतात, सुईतून येत नाही. मी अशा वेळी दुर्बीण निवडतो. दोन-तीन छोटी छिद्रं, कित्येक लिटर सलाइननं धुणं, चिकटलेली पापुद्र्यासारखी घाण आणि सडलेलं अस्तर काढणं, अस्तराचा तुकडा कल्चर आणि बायोप्सीला देणं. जिथे दुर्बीण नाही तिथे उघडून धुणं तेवढंच चांगलं. दुर्बिणीसाठी पुण्याला जाण्यात दिवस घालवू नका. खुबा असेल तर सहसा ऑपरेशनच. एक तयारी मनात ठेवा, मधुमेह्यात आणि स्टॅफिलोकोकस असेल तर दोन-तीन दिवसांनी पुन्हा धुवावं लागू शकतं. पहिलं ऑपरेशन फसलं असा त्याचा अर्थ नाही. हे मी पहिल्याच दिवशी नातेवाइकांना सांगतो, नाहीतर दुसऱ्यांदा सांगताना त्यांचा चेहरा पडतो.

औषधांचं. प्रौढांत सगळ्यात जास्त वेळा सापडतो तो स्टॅफिलोकोकस ऑरियस, मग स्ट्रेप्टोकोकस, आणि वृद्धांत किंवा लघवीच्या संसर्गातून आतड्यातले जंतू. म्हणून कल्चर येईपर्यंत स्टॅफिलोकोकसला पुरून उरेल असं औषध देतात. मधुमेह, नुकतंच टोचलेलं इंजेक्शन किंवा रुग्णालयातला मुक्काम असेल तर बऱ्याच वेळा व्हॅन्कोमायसिन, आणि जोडीला सेफ्ट्रियाक्सोनसारखं काही. व्हॅन्कोमायसिन हळूहळू, तासाहून जास्त वेळ चालवावं लागतं. घाईनं सोडलं तर अंग लाल होऊन खाज सुटते, आणि किडनीचं काम दाखवणाऱ्या क्रिएटिनिनवर लक्ष ठेवावं लागतं. कल्चरमध्ये जंतू साध्या औषधाला दाद देणारा निघाला तर आम्ही व्हॅन्कोमायसिन बंद करून सेफाझोलिन किंवा क्लॉक्सासिलिन सुरू करतो. इथे नातेवाईक हमखास अडतात : 'भारी औषध का काढलं?' त्या जंतूवर सेफाझोलिन व्हॅन्कोमायसिनपेक्षा जास्त चांगलं काम करतं. भारी म्हणजे चांगलं असं अँटिबायोटिकमध्ये नसतं. नेमकं म्हणजे चांगलं. आणि सांध्याच्या आत अँटिबायोटिकचं इंजेक्शन लागत नाही, शिरेतलं औषध तिथे पुरेसं पोचतं.

साधारण पहिले एक-दोन आठवडे शिरेतून, मग गोळ्या, मिळून चार आठवडे, हाडात शिरलं असेल तर सहा किंवा जास्त. शिरेतून किती दिवस यावर जुन्या-नव्या डॉक्टरांत मतभेद आहेत. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या ओव्हीवा या चाचणीत १,०५४ रुग्णांत हाडासांध्यांच्या संसर्गासाठी पहिल्या सहा आठवड्यांत गोळ्या शिरेतल्या औषधाच्या बरोबरीच्या ठरल्या, मात्र योग्य गोळी निवडून आणि बहुतेकांचा पू आधी साफ करून. म्हणून रुग्ण सुधारत असेल, सीआरपी उतरत असेल, जंतू ज्याला दाद देतो अशी पोटातून नीट शोषली जाणारी गोळी असेल तर मी लवकर घरी सोडतो. घरचा मुक्काम खिशालाही सोसतो. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा आरोग्यमित्र रुग्णालयात बसतो, पहिल्याच दिवशी रेशनकार्ड घेऊन त्याला भेटा. पण गुडघा हलका झाला म्हणून तिसऱ्या आठवड्यात गोळ्या सोडायच्या नाहीत.

आपल्या जिल्ह्यात आणखी काही गोष्टी या आजाराचं सोंग घेतात. सांगोल्याकडच्या डाळिंबाच्या बागेत काम करणाऱ्याला, किंवा माळावर बाभळीचा काटा गुडघ्यात घुसलेल्याला काही आठवड्यांनी सांधा सुजतो. काट्याचं टोक आत मोडलेलं असतं, एक्स-रेत दिसत नाही, सोनोग्राफीत दिसतं. काटा लागल्याचं माणूस विसरून गेलेला असतो, म्हणून मी शेतकऱ्याला आणि बागेतल्या मजुराला ते मुद्दाम विचारतो. टोक आणि भोवतालचं सुजलेलं अस्तर काढल्याशिवाय कुठल्याच औषधानं तो गुडघा बसत नाही. महिनोन्महिने हळूहळू सुजत गेलेला, फार गरम नसलेला सांधा, मांडी बारीक झालेली, वजन उतरलेलं, असं असेल तर क्षयरोग. तिथे नुसतं पाणी पुरत नाही, अस्तराचा तुकडा घेऊन सीबीनॅट ही क्षयाच्या जंतूची तपासणी करावी लागते, आणि औषधं १२ ते १८ महिने, सरकारकडून मोफत. शेळ्या-मेंढ्या पाळणाऱ्या, कच्चं दूध पिणाऱ्या माणसाला येऊन-जाऊन ताप आणि कंबरेचा सांधा दुखत असेल तर जनावरांकडून येणारा ब्रुसेला हा जंतू, आणि ते प्रयोगशाळेला आधी सांगायचं. पावसाळ्यात दोन्ही हातापायांचे बरेच सांधे एकदम धरले तर चिकुनगुनियाचा विचार येतो, एकट्या गुडघ्यात तो सहसा येत नाही. तरुण माणसाचे दोन-तीन सांधे आणि मनगटाचे स्नायुबंध सुजले असतील आणि अंगावर पुळ्या असतील तर गोनोरिया या लैंगिक संबंधातून होणाऱ्या आजाराबद्दल एकांतात, न लाजता विचारावं लागतं. तो औषधाला फार लवकर दाद देतो.

कृत्रिम गुडघा बसवलेला असेल तर हे सगळं बदलतं. तिथे ३,००० पेशीही संशयाला पुरतात आणि सुई ऑपरेशन थिएटरमध्येच, शक्यतो मूळ सर्जनच्या हातानं घालायची.

तुमचा प्रश्न बाबांचा आहे, पण लहान मुलांबद्दल सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही, कारण तिथलं नुकसान साठ-सत्तर वर्षं सोबत राहतं. तान्हं बाळ एक पाय हलवत नाही, लंगोट बदलताना किंचाळतं, दूध ओढत नाही. घरात म्हणतात पाय उतरला, आणि मालीश करणारी बाई तो ओढून चोळते. नवजात बाळाला ताप असेलच असं नाही. खुब्यात पू झाला की आतल्या दाबानं मांडीच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा थांबतो आणि तो गोळा विरघळून जातो. ऊसतोडीला गेलेल्या एका जोडप्याचं दोन महिन्यांचं बाळ आमच्याकडे आठव्या दिवशी आलं. आता ते मूल शाळेत जातं, एक पाय आखूड, बुटाला जाड टाच लावून. थोड्या मोठ्या मुलांत चार खुणा पाहतात : ताप ३८.५ सेल्सिअसच्या वर, पाय न टेकवणं, ईएसआर ४० च्या वर, रक्तातल्या पांढऱ्या पेशी १२,००० च्या वर. डॉ. कोचर यांच्या १९९९ च्या अभ्यासात चारही असतील तर संसर्गाची शक्यता ९९ टक्क्यांच्या घरात होती. पुढे इतर ठिकाणी तो आकडा बराच खाली आला, म्हणून खुणा कमी भरल्या तरी सोनोग्राफी करून खुब्यात पाणी आहे का ते पाहायचंच. सहा महिने ते चार वर्षांच्या मुलांत किंगेला नावाचा जंतू फार सौम्य रूपात येतो आणि साध्या कल्चरमध्ये वाढत नाही. पाय न हलवणारं बाळ चोळू नका, त्याच दिवशी दाखवा.

आता बाबांच्या ऑपरेशननंतरचं. पहिले दोन-तीन दिवस गुडघा सरळ, पट्टीत ठेवतात. या काळात घरचे प्रेमापोटी एक चूक करतात, गुडघ्याखाली उशी देतात. वाकवलेल्या गुडघ्यात आत जागा जास्त असते म्हणून रुग्णाला बरं वाटतं, पण त्याच अवस्थेत तो आखडतो आणि मग सरळ होत नाही. उशी द्यायचीच तर टाचेखाली द्या. दुखणं उतरलं की लगेच हालचाल सुरू, आधी फिजिओथेरपिस्टच्या हातानं, मग स्वतः. मांडीचा स्नायू पलंगावर पडल्या पडल्या आवळायचा, जागेपणी दर तासाला दहा वेळा. हालचालीनं पू पसरतो हा जुना समज आहे. पू धुऊन काढल्यावर कूर्चेला हालचालच जगवते. साखर आटोक्यात नसेल तर हे सगळं रेंगाळतं, म्हणून त्या काही आठवड्यांत गोळ्यांऐवजी इन्सुलिन सुचवलं तर ते घ्या, 'एकदा लागलं की सुटत नाही' हे इथे लागू नाही. सीआरपी आठवड्याला एकदा. तो उतरता उतरता पुन्हा चढला, गुडघा परत गरम झाला, किंवा जखमेतून पाणी आलं तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता या.

मांडी घालून बसता येईल का, हे बाबा विचारतील. आधीच झिजलेला गुडघा आहे, चार दिवस गेले आहेत, मी खोटं आश्वासन देणार नाही. चालता येईल, जिना चढता येईल अशी आशा मी ठेवेन. जमिनीवर बसण्याचा हट्ट सोडावा लागेल. पुढे कुणी गुडघा बदलायचा सल्ला दिला तर संसर्ग पूर्ण गेल्याची खात्री झाल्यावरच, काही महिने मध्ये जाऊ देऊन, आणि त्या सर्जनला हा सगळा इतिहास, जंतूचं नाव आणि कल्चरचा कागद दाखवून. तो कागद जपून ठेवा. त्या गुडघ्यात पुन्हा स्टेरॉइडचं इंजेक्शन घेऊ देऊ नका. आणि चालायला लागल्यावर काठी डाव्या हातात धरायला सांगा. दुखरा पाय उजवा असला की काठी उजव्या हातात धरावीशी वाटते, पण गुडघ्यावरचा भार उतरतो तो काठी उलट्या हातात असल्यावर.